आजोबांचा स्लॉट

“मॅडम, मुलगी लस घ्यायला तयारच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी वाचलं असणार, काय करू?” जानेवारी २०२२ मध्ये हा प्रश्न माझ्याकडे सारखा यायचा. ३ तारखेपासून १५ ते १८ वयोगटाचं करोनाचं लसीकरण सुरू झालं होतं, ओमायक्रॉन घरोघरी शिरत होता आणि दहावीची परीक्षा तोंडावर होती. आजही पालक हेच विचारतात, फक्त लस वेगळी असते. म्हणून त्या वेळच्या एका मुलीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला गौरी म्हणू.

आईवडील दोघंही तिला घेऊन आले होते. वडील चिडलेले. “वर्गातल्या सगळ्यांनी घेतली, हिचंच काय वेगळं? उद्या बोर्डाला बसू दिलं नाही तर?” लस ऐच्छिक आहे, परीक्षेची भीती घालू नका, एवढं मी त्यांना तिथेच सांगितलं आणि दोघांना बाहेर बसायला लावलं.

लस घेतली की पाळी बिघडते, पुढे मूल होत नाही, असं त्या दिवसांत मुलींच्या कानावर बरंच पडत होतं. मी तिथूनच सुरुवात केली. गौरीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, हे सगळं खोटं आहे ते मला माहितीये. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो. तो काही करू शकत नाही.” माझ्याइतकंच तिलाही ठाऊक होतं. माहिती कमी पडतेय हे मीच गृहीत धरलं होतं.

मग विचारलं, “तुमच्या घरात पहिली लस कोणी घेतली?”

ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर मोबाइल काढून कोविनचं, म्हणजे लसीच्या नोंदणीचं, पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. आजोबांचं नाव, जन्मवर्ष १९५०, शेजारी एकच डोस झाल्याचा शेरा. “माझं नाव घालायचं तर हे उघडावं लागतं,” ती म्हणाली.

एप्रिल २०२१. घरात मोबाइल सफाईने चालवणारी तीच. पिनकोड टाकायचा, स्लॉट दिसला की ओटीपीची वाट बघायची, तोवर स्लॉट भरलेला. असे पाच-सहा दिवस गेले आणि एका संध्याकाळी स्लॉट मिळाला. आजोबांनी खूश होऊन पन्नासची नोट दिली. लस घेतल्यावर चौथ्या दिवशी त्यांना ताप आला, आणि दोन आठवड्यांत ते गेले. नोट तिने अजून मोडली नव्हती. घरातही कोणाला काही बोलली नव्हती.

“मी स्लॉट घेतला नसता तर?”

‘तुझा काही दोष नाही गं’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते लगेच म्हटलं, की मूल मान डोलावतं आणि आतलं आतच ठेवतं. मी कागद घेतला आणि आम्ही दोघींनी तारखा मांडल्या. आजोबांना कोविशील्ड मिळाली होती. तिच्यात करोनाचा विषाणूच नसतो, त्यामुळे तिच्यामुळे करोना होऊ शकत नाही. लस दिल्यावर शरीराला तयारी करायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि लागण झाल्यापासून ताप यायला दोन दिवसही पुरतात, चौदाही लागू शकतात. लस कामाला लागण्याआधीच आजाराने गाठलं होतं.

“रांगेत झाली असेल का लागण?” तिने नेमकं विचारलं. ती विचारणार हे मला माहीत होतं, आणि खोटं बोलायचं नव्हतं.

“असू शकेल. त्याआधी दुकानात, घरातही असू शकेल. त्या महिन्यात महाराष्ट्रात दिवसाला ६०,००० रुग्ण सापडत होते, गौरी. कुठे झाली ते आता कोणालाच कळणार नाही.” थोड्या वेळाने मी विचारलं, “तू स्लॉट कशासाठी शोधत होतीस?”

“त्यांना काही होऊ नये म्हणून,” असं म्हणाली आणि मग खूप रडली. लस घे, असं मी त्या दिवशी म्हटलंच नाही.

पालकांना कळकळीने सांगते: मूल नाही म्हणालं की लगेच समजवायला बसू नका. करोनाच्या काळात घरात काय घडलं, त्यात त्याचा हात कुठे लागला होता, हे आधी ऐका. बातम्यांचे दुवे पाठवून हे उलगडत नाही.

पुढच्या भेटीत, तिच्या संमतीने, आम्ही तिघांना एकत्र बसवलं. गौरीने जमेल तसं सांगितलं. वडील जमिनीकडे बघत होते. म्हणाले, “बाबा नको म्हणत होते. मीच मागे लागलो होतो.” नऊ महिने बापलेक एकाच घरात तेच ओझं वाहत होते, वेगवेगळं.

लसीचं नंतर साधंच झालं. केंद्रावरही नावनोंदणी होत होती, त्यामुळे ते पान उघडावं लागलं नाही. या वयात सुईने चक्कर येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून काहीतरी खाऊन जा आणि अर्धा तास बसून राहा, एवढं सांगितलं होतं. वडील त्या वेळभर शेजारच्या खुर्चीवर बसून होते. दंड दुखला, रात्री जरा कणकण होती, असं आईने कळवलं. दुसऱ्या डोसच्या वेळी, २८ दिवसांनी, ती मैत्रिणीबरोबर गेली.