लाजणाऱ्या गिऱ्हाईकाला शृंगारिक पुस्तक कसं सुचवावं?

प्रश्न बेळगावातल्या पुस्तकाच्या दुकानाबद्दल आहे, शृंगारिक पण चांगलं काहीतरी हवं असतंय आणि तोंडातून शब्द फुटत नाही अशा गिऱ्हाईकाला काय द्यावं. मी गाथासप्तशती देतो बघा. सातवाहन राजा हालच्या नावावरचा सातेकशे गाथांचा संग्रह, महाराष्ट्री प्राकृतातला, म्हणजे आपल्या मराठीच्याच घराण्यातला. शेतकरी, वाटसरू, नवरा परगावी गेलेली बाई, सगळ्यांची ओढ दोन-दोन ओळीत. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती १९५६ची, जाडजूड आणि अभ्यासाची दिसते, त्यामुळं काउंटरवर ठेवताना कुणाचा हात थरथरत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडं गल्लीत सगळे ओळखीचे, दुकानात मागं कोण काका उभा असेल सांगता येत नाही.

ते आवडलं तर राम जोशी, होनाजी बाळाच्या लावण्या.

नवीन हवं असेल तर लेखक चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’, १९६२च्या दिवाळी अंकातली कथा, अश्लील म्हणून खटला झाला आणि १९६९ला सुप्रीम कोर्टानं ती अश्लील नाही म्हटलं. एवढं सांगितलं की माणूस जरा मोकळा होतोय.

फक्त मोठ्यानं विचारू नका हो, पुस्तक हातात द्या आणि बाजूला व्हा.