दोन देशांमध्ये सायबर युद्ध पेटलं, तर माझ्यासारख्या साध्या माणसाला त्याची झळ कशी काय बसणार?

प्रश्नासोबत तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे ना कसली गुपितं, ना मोठी रक्कम. बातम्या वाचायच्या, बिलं भरायची, व्हिडिओ बघायचे, एवढाच इंटरनेटशी संबंध. मग परदेशी सरकारचा हॅकर तुमच्या वाटेला जाईलच कशाला?

तुमच्यासाठी नाही जाणार, हे खरंच. तुमचे फोटो बघण्यात त्याला काडीचा रस नाही. पण दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडायची तर आधी खांदा लागतो ना? तो खांदा म्हणजे तुमच्या घरातला वायफाय राउटर.

मी बरीच वर्षं नेटवर्क सांभाळण्याचं काम करतोय, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. समजा, तुम्ही एका वीज कंपनीच्या सर्व्हरवर नजर ठेवून बसला आहात. मध्यरात्री कुणीतरी भलत्याच देशातून लॉगिन करायला बघतंय असं दिसलं, की तुम्ही ताडकन उठून बसाल. तेच लॉगिन आपल्याच देशातल्या घरगुती कनेक्शनवरून आलं तर? कुणी कर्मचारी घरून काम करत असेल असं समजून तुम्ही पुढची ओळ वाचाल. त्या आडोशासाठीच हल्लेखोराला तुमचा राउटर हवा असतो. अमेरिकेच्या न्याय खात्याने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं, की चीन सरकारशी संबंधित एका गटाने अमेरिकेतल्या घरांमधले आणि छोट्या ऑफिसांमधले शेकडो राउटर याच कामासाठी वापरले होते. लक्ष्य होतं वीज, पाणी, दळणवळण यांसारख्या व्यवस्थांचं. चीनने अर्थातच इन्कार केला. त्यातले बहुतेक राउटर इतके जुने होते, की कंपनीने त्यांच्यासाठी सुरक्षा अपडेट देणं केव्हाच बंद केलं होतं. शेवटी एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेने न्यायालयाची परवानगी घेऊन, हल्लेखोरांनी लोकांच्या राउटरमध्ये घुसवलेला मालवेअर (म्हणजे घातक प्रोग्राम) परस्पर काढून टाकला.

त्याआधी २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर ५४ देशांतल्या निदान ५ लाख उपकरणांमध्ये सापडला होता. त्याला एक हुकूम सुटला की राउटर कायमचा निकामी, अशी सोय त्यात करून ठेवलेली होती. तेव्हा एफबीआयने लोकांना सरळ सांगितलं, राउटर बंद करून पुन्हा चालू करा. (आमच्या धंद्यात चेष्टेचा विषय झालेला सल्ला, पण तेव्हा तो अगदी योग्य होता. मालवेअरचा पहिला भाग टिकून राहायचा, पण घातक भाग रीस्टार्टमध्ये पुसला जायचा.)

आता सुक्याबरोबर ओलं कसं जळतं, ते बघा. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा मालवेअर पसरला. पडद्यावर खंडणी मागणारा मजकूर यायचा, पण ते नाटक होतं; पैसे भरूनही फाइल परत मिळण्याची सोयच नव्हती. अमेरिका आणि ब्रिटनने पुढे याचा ठपका रशियन लष्करावर ठेवला. रोख युक्रेनवर होता, पण युक्रेनमध्ये ऑफिस असलेल्या अनेक कंपन्यांच्या नेटवर्कमधून तो जगभर गेला. मर्स्क ही जगातली एक बडी जहाज कंपनी. तिला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, तेही १० दिवसांत. नेटवर्कमध्ये कोण कोण आहे याची नोंद ज्या सर्व्हरांवर असते, ते जगभरातले सगळे एकदम गेले. वाचला तो फक्त घानातला. का, तर हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेली होती! कंपनीचं नेटवर्क पुन्हा उभं राहिलं ते त्या एका डिस्कच्या जोरावर. बंदरात अडकलेल्या कंटेनरांमध्ये ज्यांचा माल होता, त्यांचं त्या युद्धाशी काय घेणंदेणं होतं?

आणि तुम्ही ज्या देशात राहता, तोच युद्धात असेल तर? १२ डिसेंबर २०२३ रोजी युक्रेनमधली सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी कीवस्टार हॅकर्सनी बंद पाडली. सुमारे २ कोटी ४० लाख ग्राहकांचे फोन एका सकाळी मुके झाले. काही भागांत हवाई हल्ल्याचा इशारा देणारी यंत्रणाही तिच्याच नेटवर्कवर होती, तीही अडली. ल्विव शहरात तर वेगळीच गंमत. रस्त्यावरचे दिवे त्याच नेटवर्कवरून चालू-बंद व्हायचे, त्यामुळे उजाडलं तरी ते जळतच राहिले आणि माणसं पाठवून हाताने बंद करावे लागले. दिव्याचा आणि मोबाइल कंपनीचा काही संबंध असेल, हे त्या सकाळपर्यंत कुणाच्या ध्यानीमनी तरी असेल का?

बँकेतले पैसे जातील का, असंही विचारलंय. अशा हल्ल्यात सहसा पैसे जात नाहीत, पैशांपर्यंत पोचायची वाट बंद होते. २००७ मध्ये एस्टोनियात तेच झालं. बँकांच्या साइटवर इतका खोटा ट्रॅफिक सोडला, की खऱ्या ग्राहकाला आत शिरता येईना. खात्यातली रक्कम जागच्या जागी होती. म्हणून थोडी रोकड घरात असू द्या, याहून जास्त धास्ती घेऊ नका.

राउटरकडे मात्र आजच बघा. हे सांगताना मला थोडी लाजच वाटते, कारण दुसऱ्यांना वर्षानुवर्षं हेच सांगणाऱ्या माझ्या घरचा राउटर मी गेल्या वर्षी उघडून पाहिला, तर बाहेरून नियंत्रण करण्याची सोय चालू, पासवर्ड कंपनीने दिलेलाच आणि शेवटचं अपडेट ६ वर्षांपूर्वीचं. सोय बंद केली, पासवर्ड बदलला. नवं अपडेट शोधायला गेलो, तर कंपनीच्या पानावर त्या मॉडेलचं नावच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवा आणला. जुना अजून कपाटात पडून आहे, पण आता त्याला वायर लावत नाही.