पऱ्हाटीत रोटाव्हेटर टाकला की ५५ एचपीच्या सीआरडीआय (संगणकाच्या ताब्यात डिझेल सोडणाऱ्या इंजिनच्या) ट्रॅक्टरचं इंजिन दबतं. टॉर्क (इंजिनची फिरवायची ताकद) मोजणारा सेन्सर बदलावा का?

नाही, बदलायला तिथे टॉर्क सेन्सर बहुधा नसतोच. धुराच्या प्रदूषणावरच्या ट्रेम-४ नियमांमुळे २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांत जी सीआरडीआय इंजिनं आली, त्यांत ईसीयू (इंजिनचा संगणक) टॉर्क थेट मोजत नाही. सोडलेलं डिझेल, आरपीएम आणि हवेचा दाब यांवरून हिशोबाने काढतो. ओल्या काळ्या मातीत पाती रुतली की आरपीएम पडतात, इंजिनचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर ते लगेच टिपतो आणि ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. पण फिल्टर चोंदला असेल किंवा ड्रममधल्या डिझेलात पाणी असेल, तर रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) टिकत नाही आणि ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो. म्हणून आधी इंजिन बंद करून वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा, डिझेल फिल्टर बदला, एअर फिल्टर आणि टर्बोच्या नळ्यांचे क्लॅम्प तपासा. मग क्रँक सेन्सरचा प्लग काढून पिनांवर गंज किंवा ऑइल आहे का बघा. उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर हमखास कुरतडतात, त्याही पाहा. तरीही दबत असेल तर स्कॅनर लावून रेल प्रेशर चालू रोटाव्हेटरवरच वाचायला सांगा, उभ्या ट्रॅक्टरवर ते अनेकदा ठीकच दिसतं.

एक अपवाद: इलेक्ट्रॉनिक हिच (अवजार वर-खाली करणारी यंत्रणा) असलेल्या मोठ्या ट्रॅक्टरांत अवजार जोडायच्या खालच्या लिंकला सेन्सर-पिना असतात. त्या अवजाराची ओढ मोजतात. त्यांचा संबंध नांगराच्या खोलीशी, रोटाव्हेटरशी नाही.