आठशे वर्षांपूर्वीची स्पॅनिश शिकून पुढे काय?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी स्पॅनिश घेऊन बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी-टू पातळी पास झाली आहे आणि आता मध्ययुगीन स्पॅनिशवरच काम करायचं म्हणते. "आजची भाषा आली तर नोकरी लागेल, मेलेली शिकून पदरात काय पडणार?" असं तुम्ही विचारता.

ज्ञानेश्वरीच्या मराठीला आपण मेलेली म्हणतो का? इथेही तसंच नातं आहे. आजचं 'आब्लार', म्हणजे बोलणे, तेव्हा 'फाब्लार' होतं. शेजारच्या पोर्तुगीजने तो 'फ' अजून सांभाळलाय, 'फालार'मध्ये. त्या काळी स्पॅनिशमध्ये 'चाक'मधल्या च सारखा आणि 'जोर'मधल्या ज सारखा उच्चारही होता. आजच्या स्पॅनिशमधून दोन्ही गेले. माद्रिदच्या विद्यार्थ्याला ते मुद्दाम शिकावे लागतात, तुमच्या मुलीच्या जिभेवर ते लहानपणापासून आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1251 मध्ये, पुढे स्पेनमधल्या कास्तीय राज्याचा राजा झालेल्या दहाव्या आल्फोन्सोने 'कलीला इ दिम्ना' हा गोष्टींचा ग्रंथ अरबीतून स्पॅनिशमध्ये करवून घेतलं. कलीला आणि दिम्ना म्हणजे आपले करटक आणि दमनक! पंचतंत्र संस्कृतातून पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत, तिथून अरबीत आणि मग तोलेदोच्या त्या राजाकडे पोहोचलं. शाळेत संस्कृत शिकलेली मुलगी या प्रवासाची दोन्ही टोकं मुळातून वाचू शकते. अशी माणसं थोडी असतात.

आता पैशाचं. नुसत्या या विषयावर भारतात पोट भरणं कठीण आहे, हे तिला स्पष्ट सांगा. म्हणून आजची स्पॅनिश सोडायची नाही. डेलेची पुढची सी-वन पातळी करायची, एमए करायचं (दिल्लीत जेएनयूला आहे) आणि भाषांतर, शिकवणी यांतून कमाई सुरू ठेवायची. सोबत लॅटिन आणि जुनी हस्तलिखितं वाचण्याचं शिक्षण घ्यावं. हा हात बसला की पुढे पोर्तुगीज शिकून पणजीच्या पुराभिलेखागारातली जुनी दप्तरंही तिला उघडता येतील. स्पेनला जायचं तर शिष्यवृत्तीवर. त्यासाठी कर्ज काढू नका, असं माझं ठाम मत आहे.

निर्णयाची घाई नको. या सुट्टीत तिला त्या ग्रंथातली सिंह आणि बैलाची गोष्ट जुन्या स्पॅनिशमधून वाचायला लावा आणि रोज रात्री जेवताना तुम्हाला मराठीत सांगू द्या. पंधरा दिवसांनीही ती शब्दकोश घेऊन बसत असेल, तर मला पुन्हा लिहा. एमएच्या प्रवेशाची तयारी तेव्हा सुरू करू.