पॅरोलवरच्या माणसांची देखरेख मुलीनं करावी का?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहेस, गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांसोबत काम करायची इच्छा आहे आणि पुढे जमलं तर पॅरोलवर सुटलेल्यांच्या देखरेखीचं. आई गप्प आहे. बाबा म्हणतात, "गुन्हेगारांच्या मागे फिरणं हे काय बायकांचं काम आहे?"

बाबांना एक गोष्ट सांग. १८९९ साली शिकागोत अमेरिकेतलं पहिलं बालन्यायालय सुरू झालं. कायद्यानं प्रोबेशन अधिकारी, म्हणजे कोठडीऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांवर लक्ष ठेवणारी माणसं, नेमायची सोय केली, पण त्यांच्या पगारासाठी सरकारी तिजोरीतून छदामही मिळणार नव्हता. तो पैसा उभा केला तिथल्या महिला मंडळातल्या बायकांनी. आणि पहिली प्रोबेशन अधिकारी झाली अल्झिना स्टीव्हन्स, लहानपणी कापड गिरणीत राबताना बोट गमावलेली बाई. आज इंग्लंड-वेल्सच्या प्रोबेशन सेवेत बहुसंख्य स्त्रियाच आहेत.

तुझ्या पत्रात दोन कामांची थोडी सरमिसळ झाली आहे. डायव्हर्जन म्हणजे मुलाला खटल्याच्या वाटेवर जाऊच न देता समुपदेशन, नुकसानभरपाई, शाळा, कुटुंबाशी बोलणी याकडे वळवणं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बालन्यायाबद्दलच्या बीजिंग नियमांत ते आहे, आणि अशा कार्यक्रमात पाठवायला मुलाची किंवा पालकांची संमती लागते, हेही आहे. पॅरोल देखरेख अगदी दुसऱ्या टोकाची: शिक्षेचा काही भाग भोगून माणूस अटींवर बाहेर येतो, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि त्याला उभं राहायला मदतही करायची. (बातम्यांमध्ये पॅरोल म्हणजे कैद्याची चार दिवसांची रजा असते, ती वेगळी.)

एका अनुभवी अधिकारी बाईंच्या शेजारी मी एकदा बसले होते. समोर सायकल चोरलेला मुलगा, मान खाली. बाईंनी चोरीचा विषयच काढला नाही. विचारलं, "सकाळी तुला उठवतं कोण?" बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "कोणी नाही. आई पहाटेच कामावर जाते." त्यांनी वहीत तेवढंच लिहिलं आणि त्या मुलाचा पुढचा सगळा आराखडा शाळेला वेळेवर पोहोचण्याभोवती आखला. तुला शिकायचं आहे ते हे. धाक दाखवून मुलं सुधारत नाहीत. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवण्याचे कार्यक्रम झाले. अभ्यासांत दिसलं की त्यांतून आलेली मुलं उलट जास्त गुन्हे करू लागली.

पॅरोलचं काम मला जास्त कठीण वाटतं. ज्याचा विश्वास महिनोन् महिने कमावलास, त्यानं अट मोडली तर ते तुलाच लिहून द्यावं लागतं आणि तो पुन्हा आत जाऊ शकतो. नुसत्या मायेनं या कामात आलेल्या मुली इथे कोसळतात, हे मी पाहिलंय. म्हणून माझा आग्रह आहे की सुरुवात मुलांपासून कर.

बाबांची काळजी मात्र खोटी नाही. गृहभेटीला शक्यतो जोडीनं जाणं, कार्यालयात वेळ आणि पत्ता नोंदवून निघणं, दाराजवळची जागा धरून बसणं ही या कामातली रोजची शिस्त आहे. नोकरी घेताना ती तिथे पाळली जाते का, हे आधी विचार. पाळली जात नसेल तर ती नोकरी घेऊ नकोस, पगार कितीही असो.

शिक्षणाचं म्हणशील तर समाजकार्य किंवा गुन्हेशास्त्रात पदव्युत्तर पदवी घे. पण अर्ज भरण्याआधी सहा महिने अशा मुलांसाठीच्या एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जा. एखादा मुलगा तिसऱ्यांदा वेळ देऊन येणार नाही, तेव्हा चौथ्यांदा त्याला फोन करावासा वाटतो का, ते बघ. आणि आईशी एकदा निवांत बोल. ती गप्प का आहे, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस.