सही केली नाही, तर माहेर तुटेल का?

"मॅडम, सही दिलो न्हाई तर भाऊ तोडतोय आणि दिलो तर घरात नवरा जीव खातोय. मी काय करू?"

कोल्हापूरच्या राजारामपुरीत शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माहेर करवीर तालुक्यातलं, दोन एकर वडिलोपार्जित ऊस. वडिलांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत भाऊ हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद, घेऊन दारात. "तुझ्या लग्नात खर्च केलाय की," हे त्याचं म्हणणं. हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता पुढचं मीच बोलून दाखवते.

लग्नाच्या खर्चाने वाटा फिटत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलासारखाच, जन्मापासूनचा; त्यासाठी 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. पण ताईंना कायद्याची नव्हे, पंचमीला न्यायला कुणी येणार नाही याची भीती होती. ती खोटी आहे असं मी म्हटलं नाही. फक्त विचारलं, "सासरी तुमच्या नावावर काय आहे?"

बराच विचार करून म्हणाल्या, "गॅसचं कार्ड."

मग आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. तलाठ्याकडे वारस नोंद लागली म्हणून जमिनीचे तुकडे होत नाहीत; सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर येतात, एवढंच. हक्कसोडपत्र करून द्यायला कसलीही मुदत नसते. मात्र एकदा नोंदवलं की मागे घ्यायला कोर्टात फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करत बसावं लागतं. म्हणजे घाई भावाला होती, ताईंना नव्हती. वकिलाची फी परवडणार नाही म्हणाल्या, तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता दिला. तिथे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

भावाशी बोलल्यावर त्याचं खरं दुखणं कळलं: दाजी वाटा विकतील. आणि खरं सांगायचं तर ती शंका मलाही होती.

ताईंनी भावाला सांगितलं, "नावं लागू देत. ऊस तूच कर, विकायचा विषय न्हाई."

त्या पंचमीला न्यायला कुणी आलं नाही. ते त्यांना फार लागलं. दिवाळीत वहिनीचा फोन आला. भाऊ अजून मोजकंच बोलतो. सातबाऱ्यावर आईसकट तिन्ही भावंडांची नावं लागली आहेत. ताईंच्या यजमानांना मी भेटायला बोलावलंय, पण त्यांना अजून सवड झालेली नाही.