लॅटिन शिकू की कायदा?

प्रश्न : मी बारावीत आहे. तहांबद्दल वाचताना ‘स्टेटस क्वो आन्टे बेलम’ असे शब्द सापडले. शब्दार्थ मिळाला, पण प्रत्यक्ष तहात त्याने काय ठरतं ते कळलं नाही. मला याच क्षेत्रात काम करायचं आहे. आधी लॅटिनची पदवी घ्यावी का?

उत्तर : पदवीचा विचार तूर्त बाजूला ठेव. युद्धापूर्वी जे जसं होतं ते तसं करायचं, म्हणजे मुलूख परत आणि फौजा माघारी, एवढंच हे तत्त्व. याच्या उलट ‘उती पोसिदेतिस’ : ज्याच्या ताब्यात जे आहे, ते त्याचंच. १८१४ साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातलं १८१२ पासूनचं युद्ध मिटवायला आजच्या बेल्जियममधल्या गेन्टला बोलणी चालली होती, तेव्हा ब्रिटिशांना हे दुसरं तत्त्व हवं होतं. पण लढाईत तेवढी कमाई नाही, मुलूख कुठल्या तोंडाने मागणार, असा सल्ला खुद्द ब्रिटिश सेनापती वेलिंग्टननेच सरकारला दिला. २४ डिसेंबरला सह्या झाल्या त्या पहिल्या तत्त्वावर.

आता त्या तहाचं पहिलं कलम शोधून वाच. लॅटिन शब्द त्यात नाहीतच! सगळा मुलूख विनाविलंब परत करायचा, असं म्हणून लगेच अपवाद येतो : अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पॅसामाक्वॉडी उपसागरातली वादग्रस्त बेटं निकाल लागेपर्यंत ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्याकडेच राहतील. शिवाय, किल्ल्यांत मुळात हाती लागलेल्या तोफा, तसेच गुलाम किंवा खासगी मालमत्ता सोबत न्यायची नाही. माणसं आणि मालमत्ता एकाच यादीत. वाचताना संताप येतो. सुटकेच्या आशेने ब्रिटिशांकडे आलेल्या गुलामांना ब्रिटिश घेऊन गेले आणि अमेरिकेने मालकांसाठी भरपाई मागितली. ‘मुळात हाती लागलेल्या’ ही अट फक्त तोफांना लागू की गुलामांनाही, यावर भांडण जुंपलं. लवाद होता रशियाचा झार. १८२२ मध्ये त्याने वाक्याच्या व्याकरणाच्या आधारे, ती अट गुलामांना लागू नाही असा, अमेरिकेच्या बाजूने कौल दिला.

हे वाचून जांभई आली असेल तर मनमोकळेपणाने दुसरं क्षेत्र निवड. पण ते वाक्य पुन्हा वाचून पाहावंसं वाटलं असेल, तर तुझी वाट कायद्याच्या पदवीची आणि पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याची. भारत-पाकिस्तानचा ताश्कंद करारही काढून बघ. ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागांवर सैन्य परत जाईल, असं त्यात आहे. ‘युद्धापूर्वी’ म्हणजे नेमकं कधी, हे तारखेने बांधावंच लागतं, आणि ती तारीख निवडण्यातच अर्धं राजकारण असतं.

लॅटिन म्हणशील तर नेहमीचे वाक्प्रचार अभ्यासाच्या ओघात येतील. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध संपवणारे १६४८ चे वेस्टफालियाचे लॅटिन तह मुळातून वाचून इतिहास-संशोधन करायचं असेल, तरच ती भाषा रीतसर शीक. वकिलीकडे जायचं असेल तर तोच वेळ फ्रेंचला दे; आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं काम इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं. कॉलेजात गेल्यावर जेसप मूट कोर्ट या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभिरूप खटल्यांच्या स्पर्धेच्या संघात शिरायचा प्रयत्न कर. रात्र रात्र कलमं कुटण्याचा हा उद्योग आपल्याला झेपतो का, ते तिथे लवकर कळतं.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेव : परराष्ट्र मंत्रालयांचे कायदा विभाग आणि आंतरराष्ट्रीय संस्था इथल्या जागा मोजक्याच असतात. लवादाची वकिली किंवा अध्यापन हा दुसरा पर्याय पहिल्या वर्षापासूनच डोळ्यांसमोर असू दे.